दोन सह्यांचा नियम
सरकारी अनुदान, परदेशी देणगी आणि संस्थेतल्या माणसांची सुरक्षितता : लहान संस्थांच्या विश्वस्तांसाठी

नागपूरच्या महालात केळीबाग रोडवरून एखाद्या बोळात शिरले की जुन्या माड्यांवर संस्थांच्या पाट्या दिसतात. कुठे मुलींचे वसतिगृह, कुठे बालवाडी, कुठे व्यायामशाळा, कुठे रुग्णांना खाट नि वॉकर अनामतीवर देणारे मंडळ. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघाचे रुग्णालयही महालातच आहे. लोकवर्गणीतून काही उभे करायची या वस्तीची सवय जुनी आहे.

अशा लहान संस्थेचा सगळा कारभार बहुधा एका लोखंडी कपाटात मावतो. वरच्या कप्प्यात ठराव बुक, मधल्या कप्प्यात ऑडिट रिपोर्ट, खाली देणगी पावत्यांची पुस्तके. आणखी एक गोष्ट जवळपास सगळीकडे सारखी असते. धनादेशावर दोघांच्या सह्या लागतात. कोषाध्यक्ष चार दिवस गावाला गेले तर विजेचे बिलही अडून राहते, पण त्यात कुणाला अपमान वाटत नाही. दुसरी सही कोषाध्यक्षांवरच्या संशयापोटी ठेवलेली नसते. पैसा लोकांचा आहे म्हणून ती असते.

मग त्याच संस्थेच्या वसतिगृहाची रात्रीची किल्ली एकाच माणसाकडे कशी? बालवाडीतल्या मुलांना बाथरूममध्ये नेणारी व्यक्ती एकटी का? वृद्धाश्रमातल्या आजींच्या पेन्शनचे एटीएम कार्ड एकाच सेवकाच्या खिशात का? विचारले की ठरलेले उत्तर मिळते, ‘हाव ना, पण तो आपलाच माणूस आहे, वीस वर्षांपासून ओळखतो आपण त्याला.’ कोषाध्यक्षांनाही आपण वीस वर्षे ओळखतो. तरी सह्या दोनच लागतात.

सरकारी अनुदान आणि परदेशी देणगी मागताना आता या दोन्ही बाजूंची कागदपत्रे एकत्र मागितली जातात. हिशेब दाखवा, आणि तुमच्या संस्थेत येणारे मूल, बाई, म्हातारे माणूस सुरक्षित कसे राहते तेही दाखवा. या लेखात दोन्हींची तयारी क्रमाने सांगितली आहे.

देणारे हे का विचारू लागले?

२०१० मध्ये हैतीत मोठा भूकंप झाला. तिथे मदतीला गेलेल्या ऑक्सफॅम या ब्रिटिश संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांनी लैंगिक गैरवर्तन केल्याची चौकशी संस्थेने २०११ मध्ये आतल्या आत केली. काहींना काढले, काहींना राजीनामा देऊ दिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ही हकीगत वर्तमानपत्रात आली. संस्थेला ब्रिटिश सरकारच्या नव्या निधीसाठी अर्ज करणे थांबवावे लागले. तिथल्या धर्मादाय आयोगाने २०१९ च्या अहवालात संस्थेच्या कारभारावर कडक टीका केली. लोकांचा राग गैरवर्तनावर होताच, पण ते झाकले गेले यावर जास्त होता.

त्यानंतर ब्रिटिश सरकारने आपला निधी घेणाऱ्या संस्थांची सहा बाबतींत तपासणी सुरू केली : लाभार्थींची सुरक्षितता, आतल्या माणसाला निर्भयपणे तक्रार करता येईल अशी सोय, माणसे नेमण्याची पद्धत, जोखमीचा विचार, आचारसंहिता आणि विश्वस्तांची देखरेख. मोठ्या परदेशी संस्था त्यांच्या पैशातून इथल्या संस्थांना मदत करतात तेव्हा असलेच प्रश्न आपल्या टेबलावर येतात. पत्र इंग्रजीत असते म्हणून गांगरायला होते. त्यातले प्रश्न मात्र कुठलीही शहाणी आई मुलाला वसतिगृहात ठेवण्याआधी विचारील तेच असतात.

आपल्या देशातला धडा याहून कडू आहे. बिहारमधल्या मुजफ्फरपूरचे बालिकागृह एक स्वयंसेवी संस्था सरकारी पैशावर चालवत होती. म्हणजे संस्थेची फाईल सरकारदरबारी होती, अनुदान मंजूर होत होते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने राज्यातल्या निवारागृहांचे सामाजिक परीक्षण केले, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या मुलींवरचे अत्याचार उघड झाले. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने एकोणीस जणांना दोषी ठरवले. संस्था चालवणारा त्यांत मुख्य होता. त्या गटाने कागद तर पाहिलेच, पण निवारागृहात राहणाऱ्यांशी बोलणे हा त्यांच्या परीक्षणाचा भाग होता. विश्वस्तांनी मुजफ्फरपूरमधून एवढे घेतले तरी पुष्कळ आहे.

पहिले काम : कपाट उघडा

अनुदानाचा अर्ज भरायच्या आधी आपली नोंदणी जागेवर आहे का ते पाहा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात होते. तिथून पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यास नोंदवहीचा, ताजा उतारा काढा, म्हणजे ज्याला आपण शेड्यूल-१ म्हणतो तो उतारा. त्यावरची विश्वस्तांची नावे वाचा. जुन्या संस्थांत हटकून एखादे दिवंगत नाव निघते आणि आज काम पाहणाऱ्या दोघा-तिघांची नावेच नसतात. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो वर्षानुवर्षे राहून गेला असेल तर विलंब माफीच्या अर्जासह आता द्या. अर्जावर सही करणाऱ्याचे नाव उताऱ्यात नसेल तर बाकी फाईल कितीही चांगली असली तरी तिथेच अडते.

पुढची यादी छोटी आहे :

- दरवर्षी ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचे ऑडिट आणि ते धर्मादाय कार्यालयात दाखल केल्याची पोच. अनुदान देणारे साधारणपणे मागची तीन वर्षे मागतात.
- प्राप्तिकराच्या सवलतीची नोंदणी, म्हणजे आपल्या बोलण्यातले बारा-ए आणि ऐंशी-जी. पूर्वी ही एकदाच मिळे. आता तिला मुदत असते. नवा प्राप्तिकर कायदा आल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून पावतीपुस्तक छापण्याआधी सीएला मजकूर दाखवा.
- नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरचा क्रमांक. केंद्राच्या अनुदानाचा रस्ता तिथूनच जातो. पदाधिकारी बदलले तर तिथली माहितीही बदला.
- कंपन्यांच्या सीएसआर निधीसाठी सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळणारा क्रमांक. १ एप्रिल २०२१ पासून तो नसेल तर कंपनी तुम्हाला पैसे देऊ शकत नाही.

अनुदान मंजूर झाल्यावर

मंजुरीचा आदेश आला की पेढे वाटण्याआधी तो दोघांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. अटी मागच्या पानांवर असतात. केंद्राच्या अनुदानाला २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागू होतात. त्यांतल्या चार गोष्टी लहान संस्थांना फार अडचणीत आणतात.

पहिली, पैसा ज्या कामासाठी आला त्याच कामाला लागला पाहिजे. बालगृहाच्या अनुदानातून दोन महिन्यांसाठी बालवाडीच्या सेविकांचा पगार ‘तात्पुरता’ भागवणे ही आपल्याकडची अगदी प्रामाणिक चूक आहे. हेतू चांगला असतो, पण ऑडिटच्या भाषेत ते निधी वळवणेच ठरते. त्यासाठी वेगळे बँक खाते आणि वेगळी खतावणी ठेवा.

दुसरी, त्या पैशावर बँकेने दिलेले व्याजही आपले नसते. हिशेब पक्का झाल्यावर ते सरकारी तिजोरीत भरायचे असते.

तिसरी, उपयोगिता प्रमाणपत्र. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत ते द्यावे लागते. जुने प्रमाणपत्र थकले तर पुढचा हप्ता येत नाही. मग संस्था म्हणते सरकार पैसे देत नाही, आणि खाते म्हणते संस्था हिशेब देत नाही. हे टाळायचे असेल तर बिले वर्षअखेरीस गोळा करू नका. दर महिन्याच्या पाच तारखेला मागच्या महिन्याची बिले फाईलला लागलीच पाहिजेत.

चौथी, अनुदानातून घेतलेली वस्तू. संगणक, पलंग, गाडी यांची वेगळी नोंदवही ठेवा. सरकारच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत, गहाण ठेवता येत नाहीत. भारताचे महालेखापरीक्षकही अशा संस्थेचे हिशेब पाहू शकतात, हे विश्वस्तांनी ध्यानात ठेवावे.

राज्य सरकारच्या योजनांच्या अटी त्या त्या शासन निर्णयात असतात. योजनेचे नाव कळले की पहिल्यांदा शासन निर्णयाची प्रत मिळवा. कुणी ‘मी करून देतो साहेब, तुम्ही फक्त सह्या करा’ म्हणत दारात आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. कोऱ्या कागदावरची सही ही संस्थेची सगळ्यात महाग चूक असते.

भाच्याने पाठवलेले डॉलर

नागपुरातल्या किती घरांतली मुले आज अमेरिकेत किंवा युरोपात आहेत. मामाच्या संस्थेला दहा हजार रुपये पाठवावेत असे भाच्याला वाटते, आणि मामा बँकेचा खाते क्रमांक व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होतात. थांबा. आधी एकच प्रश्न विचारा, पासपोर्ट कुठला आहे?

भाचा अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी मानली जात नाही. पासपोर्टची प्रत आणि पैसे पाठवल्याची बँकेची नोंद मात्र फाईलला लावा. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर तो ओसीआय कार्डधारक असला, नागपुरात वाढलेला असला, अस्सल सावजी जेवणावर पोसलेला असला, तरी कायद्याच्या नजरेत तो परदेशी स्रोत आहे. त्याचा एक रुपयाही एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही.

एफसीआरए म्हणजेच २०१० चा हा परकीय अंशदान कायदा २०२० च्या सप्टेंबरात बराच कडक झाला. आज त्यातले नियम असे आहेत :

- नोंदणीसाठी संस्था निदान तीन वर्षे काम करत असली पाहिजे आणि मागच्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असले पाहिजेत. एवढे नसेल तर एका ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते.
- पैसा पहिल्यांदा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यायला हवा. तिथून आपल्या नागपूरच्या ठरवलेल्या खात्यात आणता येतो.
- आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्या संस्थेकडे नोंदणी असली तरीही नाही.
- कार्यालयीन खर्चाची मर्यादा पूर्वी निम्म्यापर्यंत होती, आता ती वीस टक्के आहे.
- वार्षिक विवरण, म्हणजे एफसी-४, वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, ३१ डिसेंबरपर्यंत. वर्षात एक पैसा आला नसला तरी ‘निरंक’ विवरण द्यायचेच.
- नोंदणी पाच वर्षांची असते. मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत नूतनीकरणाचा अर्ज करायचा असतो. शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

वीस टक्क्यांच्या मर्यादेमुळे एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवावी लागते. सेवकांचे प्रशिक्षण, वसतिगृहातला प्रकाश, दारांना बसवायच्या काचा, रात्रीच्या पाळीला दुसरी सेविका, हे खर्च प्रस्ताव लिहितानाच कामाचा भाग म्हणून मांडा. नंतर कार्यालयीन खर्चातून ओढाताण करून ते होत नाहीत.

सुरक्षिततेबद्दल कायदा काय मागतो

अनुदान असो वा नसो, खालचे कायदे आपल्याला लागूच आहेत.

मुले येत असतील तर. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो कायदा अमलात आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. न कळवणे हाच गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाने न कळवल्यास शिक्षा एक वर्षापर्यंत जाऊ शकते. अत्याचार करणारा मुलांच्या संस्थेतलाच असेल तर कायदा गुन्हा अधिक गंभीर मानतो. कुंपणानेच शेत खाल्ले तर त्याला सामान्य चोर म्हणून सोडायचे नाही, हा त्यामागचा विचार आहे.

२०२० च्या पोक्सो नियमांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करायची, तो कायम असो, कंत्राटी असो, शिकवणारा असो की स्वयंपाकी. ती एकदा करून भागत नाही, ठरावीक काळाने पुन्हा करायची. आणि सगळ्यांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण द्यायचे. हे नियम शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रशिक्षण केंद्र अशा सगळ्यांना लागू आहेत. व्यायामशाळेच्या मंडळाने ‘आम्ही काय अनाथाश्रम चालवतो?’ म्हणून सुटका करून घेऊ नये.

निराधार मुलांना राहायला ठेवत असाल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली संस्थेची नोंदणी अनिवार्य आहे. नोंदणीशिवाय बालगृह चालवणे शिक्षापात्र आहे. कुणी दारात सोडून गेलेले मूल ‘राहू द्या बिचारे’ म्हणून परस्पर ठेवून घेता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल कल्याण समिती, पोलीस, चाइल्डलाइन किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावे लागते.

बायका काम करत असतील तर. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत लैंगिक छळ प्रतिबंधाची अंतर्गत समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष संस्थेतली वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नसतील इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा. २०१३ च्या या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात विनामोबदला काम करणारे स्वयंसेवकही येतात. मानधन घेत नाही म्हणून एखाद्या ताईची तक्रार बाजूला ठेवता येत नाही. तक्रार तीन महिन्यांत करायची, समितीने चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. दहापेक्षा कमी माणसे असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता आणि फोन काढून भिंतीवर लावा. समिती नसल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

वृद्ध, अपंग, रुग्ण असतील तर. इथे धोका बहुधा पैशाचा, दुर्लक्षाचा आणि शब्दांच्या मारहाणीचा असतो. आजींच्या पेन्शनची नोंद, औषधांची वेळ, अंगावरच्या जखमेची तारीख, या तीन वह्या नियमाने ठेवल्या तर पुष्कळ गोष्टी वेळेत दिसतात.

धोरण : दोन पानी, मराठीत

देणगीदार ‘सेफगार्डिंग पॉलिसी’ मागतात तेव्हा बहुतेक संस्था इंटरनेटवरून चाळीस पानी इंग्रजी मसुदा उतरवतात आणि वरचे नाव बदलतात. तो मसुदा कपाटात जातो. वसतिगृहाच्या मावशींनी तो कधी पाहिलेलाही नसतो. ज्या माणसाने नियम पाळायचा त्याला तो वाचता येत नसेल तर उपयोग काय?

दोन पाने लिहा, मराठीत, आणि आपल्याकडे हिंदी बोलणारे सेवक असतात म्हणून हिंदीतही. त्यात एवढे असावे :

१. आमच्याकडे कोण येते आणि त्यांना कुठला धोका संभवतो. जागेनुसार लिहा : जिना, गच्ची, बाथरूम, सहलीची बस, रात्रीची खोली, डॉक्टरची तपासणी.

२. कुणी काय करायचे नाही. मुलाला एकटे खोलीत न्यायचे नाही, मारायचे नाही, त्याच्याशी खासगी फोनवर गप्पा मारायच्या नाहीत, लाभार्थींना घरच्या कामाला बोलवायचे नाही, मदतीच्या बदल्यात काहीही मागायचे नाही.

३. एकट्याने करायची नाहीत अशी कामे. रात्रीची फेरी, प्रवास, आंघोळ घालणे, समुपदेशन. समुपदेशन एकांतातच करावे लागते, तेव्हा दाराला काच असावी आणि बाहेर कुणी असावे.

४. फोटोचा नियम. देणगीदाराला दाखवण्यासाठी मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवण्याची आपल्याला फार हौस असते. अत्याचारग्रस्त किंवा बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे. बाकीच्या मुलांचाही फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नको. चेक देताना पाहुण्यांच्या शेजारी मुलाला उभे करणे बंद करा.

५. तक्रार कुणाकडे करायची. निदान दोन नावे, त्यांतले एक स्त्रीचे आणि एक संस्थेबाहेरचे. सचिवांविरुद्ध तक्रार असेल तर ती सचिवांकडेच करायला लागू नये.

हा कागद विश्वस्तांच्या बैठकीत ठरावाने मंजूर करा, प्रत्येक सेवकाकडून वाचून घेऊन सही घ्या, आणि मुलांना समजेल अशा चार ओळींत त्याचा तक्ता दाराजवळ लावा. मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत असावेत, फोनजवळ असावेत, ऑफिसच्या आत नकोत.

माणूस घेताना

आपल्याकडे माणूस घेतला जातो तो कुणाच्या तरी शब्दावर. ‘माझ्या साळ्याचा मुलगा आहे, गरजू आहे.’ शब्द देणाऱ्याचा मान ठेवा, पण पायऱ्या गाळू नका. अर्ज, ओळखपत्र, मागच्या दोन ठिकाणांची नावे. त्या दोन्ही ठिकाणी विश्वस्तांपैकी एकाने स्वतः फोन करावा आणि सरळ विचारावे, ‘तुम्ही यांना मुलांबरोबर पुन्हा कामाला ठेवाल का?’ समोरचा क्षणभर थांबला तर तेही ध्यानात घ्या. पोलीस पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. प्रमाणपत्र येईपर्यंत नव्या माणसाने एकट्याने मुलांत राहायचे नाही. पडताळणीत फक्त नोंदलेले गुन्हे दिसतात, म्हणून ती झाली की काळजी संपली असे समजू नये.

आपल्या संस्थेतून कुणाला गैरवर्तनासाठी काढले असेल तर दुसऱ्या संस्थेने विचारल्यावर खरे सांगा. ‘जाऊ द्या, पोटावर पाय कशाला’ म्हणून चांगला दाखला देणे म्हणजे पुढच्या संस्थेच्या मुलांवर तो माणूस सोडणे. ऑक्सफॅमच्या प्रकरणात लोकांना याचीही मोठी चीड आली होती की काढलेली माणसे पुढे दुसरीकडे मदतकार्यात रुजू झाली.

तक्रार आली, आता काय?

एक प्रसंग सांगते. नाव सांगायचे कारण नाही. एका संस्थेत मुलीने मावशींना काही सांगितले. मावशींनी अधीक्षकांना, अधीक्षकांनी सचिवांना, सचिवांनी अध्यक्षांना. अध्यक्षांनी ‘आधी आपण शहानिशा करू’ म्हणून तिला पाच जणांसमोर बसवले. ज्याच्याबद्दल बोलणे होते तोही दाराशी होता. ती मुलगी त्यानंतर काही बोललीच नाही. सगळ्यांना वाटले, म्हणजे काही नव्हतेच. हेतू कुणाचाही वाईट नव्हता, पण त्या एका बैठकीने तिचे तोंड बंद झाले.

म्हणून पहिल्या तासाचा क्रम पाठ असावा :

- मूल जे सांगते ते शांतपणे ऐका. ‘खरं सांग’, ‘तू तिथे गेलीसच कशाला’ असे शब्द तोंडी आणू नका. कुणाला सांगणार नाही असे वचनही देऊ नका. सांगा, तुला मदत करणाऱ्यांनाच सांगेन.
- तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळ घालून लिहा. आपले निष्कर्ष लिहू नका.
- ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला तत्काळ मुलांपासून दूर ठेवा. शिक्षा म्हणून नाही, खबरदारी म्हणून.
- पोलिसांना कळवा. महालासाठी कोतवाली ठाणे आहे, ११२ आहे, १०९८ आहे. गुन्हा घडला की नाही हे ठरवणे आपले काम नाही. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.
- मुलीचा जबाब तिच्या राहत्या किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यायचा असतो. पोलीस ठाण्यात बसवून ठेवले जात असेल तर हे नम्रपणे सांगा.
- विश्वस्तांना आणि अनुदान देणाऱ्या खात्याला किंवा देणगीदाराला कळवा. मुलीचे नाव मात्र पत्रात घालू नका.

शेवटच्या मुद्द्याला बहुतेक अध्यक्ष दचकतात. अनुदान जाईल, संस्थेची बदनामी होईल, पन्नास वर्षांचे काम धुळीला मिळेल. ही भीती खोटी नाही. पण लोक माफ करत नाहीत ते झाकलेले. वेळेत कळवलेल्या तक्रारीने अनुभवी देणगीदार बिचकत नाही, उलट दहा वर्षांत एकही तक्रार नाही असा अहवाल आला की तो विचारात पडतो. तक्रारपेटीला कुलूप आहे की पेटीच गंजली आहे, असा प्रश्न त्याला पडतो.

बैठकीच्या टाचणात एक ओळ

हे सगळे टिकायचे असेल तर ते एका उत्साही सचिवाच्या अंगावर टाकून चालणार नाही. विश्वस्तांच्या प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेत जमाखर्चाच्या खालीच ‘सुरक्षितता’ असा कायमचा विषय घाला. त्यात तीनच गोष्टी वाचायच्या : या काळात आलेल्या तक्रारी व त्यांवर केलेली कारवाई, पडताळणी बाकी असलेली माणसे, आणि कुणा विश्वस्ताने केलेली अचानक भेट. दर तीन महिन्यांनी एका विश्वस्ताने, दरवेळी वेगळ्या, न सांगता जावे. ऑफिसात बसून चहा घेऊ नये. मुलांबरोबर पंगतीत जेवावे, मावशींशी बोलावे, रात्री नऊनंतर एकदा तरी, सेविकेला बरोबर घेऊन, जिना चढून वर जावे.

आणि एक वही घ्या, दहा रुपयांची चालेल. तीत रोज रात्री वसतिगृहाची किल्ली कुणाकडे आहे ते लिहायचे : तारीख, वेळ, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. मोठ्या देणगीदाराचा प्रतिनिधी आला तर धोरणाच्या फाईलआधी ती वही त्याच्या हातात द्या. ती रोज भरलेली असेल तर पुढचे बोलणे सोपे होते. ती आज रात्रीपासून सुरू करता येते, त्यासाठी कुठल्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.